गळ टाकण्याआधी: उजनीवर पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

ही मार्गदर्शिका अशा सद्गृहस्थांसाठी आहे, ज्यांनी नुकतीच ऑनलाइन गळकाठी मागवली आहे, खोकं फोडून रीळ उलटसुलट फिरवून पाहिलं आहे आणि येत्या रविवारी उजनीच्या बॅकवॉटरवरून 'दोन-चार किलो तरी' आणतो, असं घरात सांगून टाकलं आहे. अजून सांगितलं नसेल तर सांगू नका. या मार्गदर्शिकेतली सर्वांत उपयोगाची सूचना हीच. ती पाळलीत तर पुढचं वाचलं नाही तरी फारसं बिघडत नाही.

पाणी कुठे आहे, ते आधी विचारा

धरण म्हटलं की तिथे पाणी असतं आणि ते जागच्या जागी असतं, असा नवशिक्याचा समज असतो. उजनीच्या बाबतीत दोन्हीची खात्री देता येत नाही. माढा तालुक्यात भीमेवर १९८० साली पुरं झालेलं हे धरण. जलाशयाचं सरकारी नाव यशवंतसागर, पण ते नाव फक्त पाटीवर भेटतं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, आणि पाणी मात्र इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड अशा तालुक्यांच्या शिवारांत शिरलेलं. त्यामुळे 'उजनीला जातो' असं म्हणून उपयोग नाही. कुठल्या गावाच्या काठाला जाणार, ते ठरवावं लागतं. पुण्याहून जाणारे बहुतेक जण भिगवण गाठतात. सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. गाळपाचा हंगाम असेल तर वाटेत उसाच्या ट्रॉल्या असतात आणि त्यांना मागे दिवा असेलच असं नाही, एवढं धरून चाला.

आता आकडे. मासे धरायला आकडे कशाला, असं वाटेल. पण उजनीच्या काठावर चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा टक्केवारीत बोलतो, तेव्हा थोडी तयारी हवी. एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला वरचा ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि खालचा ६३.६६ टीएमसी मृतसाठा. रोज सकाळी सांगतात ती टक्केवारी फक्त वरच्या भागाची. त्यामुळे साठा शून्य टक्क्यांवर आला तरी धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. मग ते वापरायला काढतात आणि उजनी 'मायनस'मध्ये जाते. जून २०२४ मध्ये ती उणे साठच्या आसपास होती आणि ऑगस्टमध्ये शंभर टक्के भरली. चांगल्या पावसाच्या वर्षी एकशे दहाच्याही वर जाते. ज्यांना शाळेत ऋण संख्या कळल्या नाहीत, त्यांनी सोलापूर जिल्ह्यात एक उन्हाळा काढावा.

उणे साठ म्हणजे कोरडं ठाक नव्हे, हेही लक्षात ठेवा. हिशेब केलात तर तेव्हाही तळाला एकतीस-बत्तीस टीएमसी उरतं. पुणे शहराला पाणी पाजणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९.१५ टीएमसी होतात. (उजनीच्या त्या एकतीस-बत्तीसमध्ये पाणी किती आणि गाळ किती, हा वाद टपरीवर काढू नका. चहा गार होतो.)

पावसाळ्यात जाणार असाल तर आभाळाकडे बघण्यात अर्थ नाही. उजनीचा परिसर पर्जन्यछायेत. इथे चार थेंब न पडताही धरण भरतं, कारण पाऊस पडतो सह्याद्रीत. वरची धरणं भरली की त्यांचे दरवाजे उघडतात आणि ते पाणी दौंडवरून खाली येतं. म्हणून 'दौंडचा विसर्ग किती?' हा प्रश्न विचारायला शिका. उत्तर क्युसेकमध्ये येईल. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. उत्तर ऐकून 'अस्सं' म्हणून मान हलवा, तुम्ही निम्मे जाणकार झालात. याच वाटेने मुळा-मुठेतून पुण्याचं वापरून झालेलं पाणीही येतं, बरंचसं नीट शुद्ध न करता. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, शेवाळ धरतं, वास मारतं, आणि पुढे सोलापूर शहर तेच पाणी पितं. तेव्हा पुणेकर नवशिक्याने इथे आल्यावर परकं वाटून घेऊ नये. त्याच्या न्हाणीघरातलं पाणी त्याच्या आधी पोचलेलं असतं.

काठ गाठणे

मोबाइलच्या नकाशावर जिथे निळं दिसतं तिथे गाडी लावलीत की समोर मका असेल. किंवा कडवळ. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते, आणि पाण्याचा काठ उन्हाळाभर पुढे पुढे सरकत राहतो. त्याच्यामागे शेतकऱ्याची मोटारही सरकते. पाईप जोडायचे, केबल वाढवायची, मोटार पुन्हा पाण्यात सोडायची, चार-आठ दिवसांनी पुन्हा तेच. मे महिन्यात एखाद्या गावाच्या काठाला उभं राहिलात तर काळे पाईप आणि केबली ओळीने पाण्याकडे गेलेल्या दिसतील. तुमची पायवाट तीच. पाईपाच्या कडेने चाला, म्हणजे पाण्यापर्यंत हमखास पोचाल. आजवर एकही पाईप चुकीच्या जागी गेल्याचं ऐकिवात नाही.

चालण्यापूर्वी मात्र विचारायचं. कुणीतरी झाडाखाली बसलेलं असतंच. 'एक्सक्यूज मी'ने सुरुवात केलीत तर उत्तर मिळेल, पण उशिरा.

"राम राम मामा. जरा पाण्यापातूर जाऊ का?"

"जावा की. केबलीवर पाय देऊ नका, लाईट आलीया."

झाली परवानगी. त्या लाईटला किती मान आहे ते समजून घ्या. शेतीची वीज ठरलेल्या तासांचीच असते, टंचाईच्या वर्षी धरणकाठच्या मोटारींचे तास आणखी कमी करतात, आणि त्या तासांत ऊस भिजवायचा असतो. तेवढ्यात तुमच्या पायाने केबलीचा जोड निसटला तर तुमच्याशी जे बोलतील ते या मार्गदर्शिकेत छापता येणार नाही.

गाळाबद्दल. वरून तो वाळलेला, भेगाळलेला, अगदी फरशीसारखा दिसतो आणि चार पावलं पुढे गेलं की गुडघ्यापर्यंत घेतो. महागडे बूट इथेच राहतात. उपाय सोपा आहे: शेळ्यांच्या खुरांचे ठसे बघत जा. ठसे जिथे थांबतात तिथे तुम्हीही थांबा. शेळीला गाळातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. थांबल्यावर खाली बघाल तर ओल्या गाळात ताटाएवढे गोल खळगे दिसतील, एकाला एक लागून. नवशिके त्यांचे फोटो काढतात आणि उल्का पडल्या असाव्यात असा तर्क करतात. ती चिलापीच्या नरांनी तोंडाने उकरलेली घरटी आहेत. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच उचलून तोंडात धरते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत तिच्या जबड्यातच असतात. पाणी ओसरलं की घरटी उघडी पडतात. इथे पाण्यात मासा आहे की नाही, याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. अडचण एवढीच की तो आता तिथे नसतो.

खुद्द धरणाच्या भिंतीवर जायचा विचार मनातून काढून टाका. तिथे प्रवेश नाही, फोटोलाही मनाई. पहाऱ्यावरच्या माणसाला 'फक्त पाच मिनिटं' म्हणू नका, त्याने ते आज बऱ्याच जणांकडून ऐकलेलं असतं. भिंतीच्या खाली नदीपात्रातल्या डोहात गळ टाकायची कल्पना तर त्याहून वाईट. या धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पाणी खाली सोडायची कारणंही कमी नाहीत: पूर असतो, सोलापूरचं पिण्याचं पाणी असतं, आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेत स्नानापुरतं पाणी लागतं. कोरड्या पात्रात खडकावर बसून कणीक मळत असताना यातलं कुठलंही कारण उद्भवू शकतं.

हे सगळं कुणाचं आहे

पाणी जलसंपदा खात्याचं. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जमीनही त्यांचीच, तिच्यातलं पीक मात्र पेरणाऱ्याचं. मासे धरायचा हक्क रीतसर परवाना घेतलेल्या मच्छीमारांचा, तो विषय मत्स्यव्यवसाय खात्याचा. पक्षी वनखात्याचे. वाळू महसूल खात्याची. दूरवर दणदणीत आवाज झाला तर घाबरू नका, बेकायदा उपसा करणाऱ्या बोटी जिलेटीन लावून उडवण्याची कारवाई इथे अधूनमधून होत असते. राहता राहिला गाळ, तर तो शेतात नेऊन टाकण्यासाठीही सरकारची योजना आहे.

या यादीत तुमचं नाव नाही, हे लक्षात आलं असेल. हौशी गळवाला म्हणजे इथे सर्वांत शेवटचा पाहुणा. काठावरून एक गळ टाकून बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, पण म्हणून तो आपला हक्क झाला असं समजू नये. जिथे बसणार त्या गावातल्या मच्छीमारांना विचारा, ते 'बसा' म्हणतील तिथे बसा, आणि धरलेला मासा विकायच्या भानगडीत पडू नका. पावसाळ्याच्या तोंडाला नवं पाणी आलं की मासे अंडी घालायला वर चढतात. तेव्हा गळ घरीच असू द्या.

ज्यांची घरं आणि काळी वावरं या पाण्याखाली गेली त्यांचा या यादीत नंबर कितवा, हा प्रश्न काठावर विचारू नका; विचारलाच तर संध्याकाळपर्यंत बसायची तयारी ठेवा. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. शहरातून लोक ते बघायला येतात, ड्रोन उडवतात. गावातली म्हातारी माणसंही येतात. ती देवळाकडे कमी आणि आजूबाजूला जास्त बघतात, आपलं घर कुठे होतं ते शोधत. अशा वेळी त्यांना फ्रेममधून बाजूला व्हायला सांगू नये.

साहित्य आणि मासा

तुमच्या गळकाठीचं रीळ जपानी बनावटीचं असेल. तुमच्या शेजारी दहा-बारा वर्षांचा पोरगा येऊन बसेल. त्याच्याकडे बांबूची काठी, हातभर जास्तीचा तंगूस, एक गळ, चिमटीएवढं शिसं आणि बूच म्हणून थर्माकोलचा तुकडा. त्याला मासे मिळतील. याचं वाईट वाटून घेऊ नका, त्याला आमिष दाखवा म्हणजे तो तुमची कणीक बघून हसेल आणि मग शिकवेल. शहरी नवशिका गांडूळ गळाला एकदा टोचतो आणि लोंबतं सोडतो. चिलापी ते शेपटाकडून कुरतडून खाते आणि निघून जाते. गांडूळ तोंडाकडून गळावर चढवत न्यायचं, मोज्यात पाय घालावा तसं, गळाचा वाक भरला की टोक जेमतेम झाकलेलं ठेवायचं आणि उरलेलं शेपूट तोडायचं. कणीक वापरणार असाल तर मळताना चिमूटभर कापूस घाला, गोळी पाण्यात सुटत नाही. शेंगदाण्याची पेंड घातली तर आणखी बरं.

गळ पडला की बुचाकडे बघायचं, मोबाइलकडे नाही. आधी बूच थरथरेल. थांबेल. पुन्हा थरथरेल. इथे हिसका मारायचा नाही, इथे सगळेच मारतात आणि रिकामा गळ डोक्यावरून मागच्या बाभळीत जातो. बूच तिरकं होऊन एका दिशेला चालायला लागलं की मग मनगटाने ओढ द्यायची, खांद्याने नव्हे. मासा हाताशी आल्यावर आनंदाने मूठ मारलीत तर पाठीवरचे काटे तळहातात जातील. तोंडाकडून हात सरकवत न्या, पाठीचा पर मागे दाबून बसवा, मग गळ सोडवा.

मासा चिलापीच असेल, हे गृहीत धरा. काठावरची वडीलधारी माणसं वाम, मरळ, शिंगाडा, कोळशी अशी नावं घेतील आणि हात पसरून मापं दाखवतील. मापातली थोडी वजावट करा, पण नावं खरी आहेत. आफ्रिकेतून आलेली चिलापी इथे अशी माजली की तिने जुन्या माशांची जागा खाल्ली. सरकार कटला, रोहूची बोटुकली सोडतं, आणि ती मोठी व्हायच्या आत बारीक आसाच्या वडाप जाळ्यात निघते. वडापला बंदी आहे. बंदी कागदावर आणि जाळं पाण्यात, असा हा जुना संसार आहे आणि त्यात पोट भरणारा भोई रोज आणखी लांब होडी वल्हवत जातो. गेल्या काही वर्षांत आणखी एक पाहुणा आलाय: सकर. अंगावर खरबरीत कवच, खायला कुणी घेत नाही, जाळ्यात अडकला की जाळं फाडतो. तो दक्षिण अमेरिकेतला आहे, आणि इथे चालत आलेला नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत तो मोठा झाला, मग दया येऊन त्याला 'निसर्गात' सोडण्यात आलं. घरातले शोभेचे मासे बरोबर आणले असतील तर ते घरी परत न्या.

पाण्यावर रिकामी प्लास्टिकची बाटली तरंगताना दिसली तर स्वच्छतेचा उत्साह आवरा. ती बाटली म्हणजे जाळ्याची खूण. संध्याकाळी मांडलेली जाळी पहाटे उचलतात. अशा दोन बाटल्यांच्या मधे गळ टाकलात तर जे अडकेल ते ओढू नका. दुसऱ्याचं जाळं फाटलं तर त्याचा आठवडा जातो.

रोहित बघायला आलेल्यांसाठी अर्धा परिच्छेद

घरच्यांना बरोबर आणलं असेल तर त्यांना कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूला होडीत बसवा. रोहित पक्षी उथळ पाण्यात चरतात, त्यामुळे पाणी उतरून दलदल उघडी पडली तरच ते चांगले दिसतात. धरण तुडुंब राहिलं त्या वर्षी ते उशिरा येतात, थोडे येतात, आणि पुण्याचे लोक होडीवाल्याकडे तक्रार करतात, जणू त्यानेच दरवाजे लावलेत. होडीवाला बहुतेकदा मच्छीमारच. कवड्या खंड्यापासून कुरवांपर्यंत सगळे त्याला नावानिशी ठाऊक असतात. त्याला एकच गोष्ट सांगू नका: 'जरा जवळ घ्या, उडतानाचा फोटो हवा.' लांबून उडून आलेला पक्षी तिथे खायला उतरलाय, तुमच्यासाठी कसरत करायला नाही.

वारा

इथे मस्करी बंद. बॅकवॉटर काठावरून शांत दिसतं, पण पाट रुंद आहे आणि वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वावटळ उठली की काही मिनिटांत लाटा होतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट अशाच वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून दोन्ही काठांची माणसं वर्षानुवर्षं असाच प्रवास करत आली आहेत. तुम्हाला तर पलीकडे कामही नाही. लाइफ जॅकेट अंगात घालून बंद बांधल्याशिवाय होडीत बसू नका. पोहता येतं, हे उत्तर नाही. होडीवाला 'आज नको' म्हणाला तर जास्त पैसे देऊ करू नका. आणि दारू प्यायलेल्या मित्राला काठावर ठेवा, शक्यतो गाडीत.

परतताना

तुटलेला तंगूस गुंडाळून खिशात घाला. तो कुजत नाही, आणि पाणकावळ्याच्या पायात अडकला तर सुटत नाही. बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं हीही तुमचीच, ती कुठल्याही खात्याकडे जात नाहीत.

मासा मिळाला असेल तर घरी न्यायच्या आधी वार बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि सबंध श्रावण वजा जाता जे दिवस उरतात त्यांत शिजवा. घरात कुणी माळकरी असेल तर चूल अंगणात मांडा आणि भांडी वेगळी ठेवा. मिळाला नसेल, आणि हीच शक्यता अधिक, तर भिगवणला थांबा. तिथे मासळी बाजार आहे, लिलाव होतो, रस्त्याकडेच्या हॉटेलांत चिलापी तळून आणि वाम रश्शात मिळते, बरोबर भाकरी. घरी नेण्यासाठी घेणार असाल तर साफ करूनच मागा. गाळातल्या माशाला वास असतो, हळद-मीठ चोळून थोडा वेळ ठेवा आणि चांगला धुवा.

विकणारी बाई जो दर सांगेल तो द्या. तिच्या घरातलं कुणीतरी पहाटे अंधारात जाळी उचलायला गेलं होतं, आणि तुमच्या पेट्रोलच्या, टोलच्या आणि त्या जपानी रिळाच्या मानाने तो मासा अजूनही फार स्वस्त आहे.